आधी थैली बाहेर, मग जोडणी

पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीने केलेलं चांगलं की पोट उघडून केलेलं, हा प्रश्न मला भाजीवालीपासून भाचेसुनेपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. मी सर्जन नाही. चौतीस वर्षं पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. सर्जनच्या बाजूला उभं राहायचं आणि त्याने मागायच्या आत हत्यार त्याच्या तळव्यावर ठेवायचं, हे माझं काम. पण लोकांना वाटतं, डॉक्टर गोल गोल बोलतील, ही बाई खरं सांगेल. म्हणून विचारतात, आणि मी सांगायला लागले की घड्याळाकडे बघतात.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. खडकीच्या घरात मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा चार वेळा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि दोनदा उगाचच. सांगायचं आहे ते एकच, आणि सकाळपासून मी त्याच्याभोवती घिरट्या घालते आहे. संपादकबाई म्हणाल्या होत्या, "सिस्टर, गमतीजमती लिहा हो, दिवाळी आहे." गमतीजमती आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे बाईंचाही जीव थंड होईल.

माझी पहिली पंचवीस-सव्वीस वर्षं मोठ्या सरांच्या हाताखाली गेली. आमचे मुख्य सर्जन, सगळे त्यांना मोठे सरच म्हणायचे. सर पोट उघडून ऑपरेशन करायचे, छातीच्या हाडाखालून थेट बेंबीपर्यंत. दुर्बीण नवीन आली तेव्हा एक पेशंट त्यांना म्हणाला, "सर, माझं दुर्बिणीने करा." सर म्हणाले, "दुर्बिणीने लांबचं बघतात. मला तुमचं जवळूनच बघायचंय."

पण सरांच्या बोलण्यात नुसता तिरकसपणा नव्हता. पोट उघडलं की हात आत जातो. आंबा पिकलाय का हे आपण दाबून बघतो, फोटो बघून सांगत नाही, तसंच ते. आजार कुठपर्यंत पसरलाय हे डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतं. मग जठराचा, आम्ही त्यालाही पोटच म्हणतो, आजारी भाग, त्याच्या भोवतीचा चांगला भाग आणि आजूबाजूच्या गाठी, सगळं मिळून काढायचं, आणि उरलेलं पोट आतड्याला जोडायचं. सरांचा एक नियम होता. काढलेलं पोट बाजूच्या टेबलावर ठेवून कात्रीने उघडायचं, जिथून कापलं त्या कडेला आजार उरला नाही ना ते तपासायचं, शंका आली तर तुकडा लॅबमध्ये पाठवायचा. तिथे तो गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला आम्ही फ्रोझन म्हणतो. अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर सगळ्यांनी हात बांधून उभं राहायचं. "कड बघितल्याशिवाय सुई मागायची नाही," सर म्हणायचे. स्वतःसुद्धा मागायचे नाहीत.

सर निवृत्त झाले आणि मधुरा मॅडम आल्या. वय चाळिशीच्या अलीकडे, बारीक चण, बोलणं मोजकं. त्या दुर्बिणीवाल्या. पोटावर चार-पाच भोकं, आत गॅस भरून पोट फुगवायचं, एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हातभर लांबीची हत्यारं, आणि सगळ्यांनी टीव्हीकडे बघत काम करायचं. थिएटरमधले दिवे मंद करायचे. पन्नाशी उलटलेली मी पहिल्या दिवशी त्या अंधारात उभी राहिले तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. एका हत्याराचं नाव माहीत नव्हतं.

शिकले. ती लांब हत्यारं सोडवायची कशी, धुवायची कशी, पुन्हा जोडायची कशी, हे सुट्टीच्या दिवशी येऊन शिकले. वर पोरीसोरींची थट्टा ऐकली. मी मोठ्या सरांच्या तालमीतली, म्हणून थिएटरमध्ये मला "ओपन पार्टी" म्हणायचे. "सुनंदा सिस्टर आल्या, उघडा पोट." मी हसायचे. आतून फार लागायचं. वर्षभरात मात्र अशी तयार झाले की मॅडमना हत्याराचं नाव घ्यावं लागत नसे.

आणि दुर्बिणीचे गुण मी का नाकारू? मोठ्या सरांचे पेशंट चौथ्या दिवशी खोकताना पोटावर उशी दाबून धरायचे. मॅडमचे दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात फिरायचे. दुखणं कमी, जखम पिकायची भीती कमी, घरी जाणं लवकर. लोकांचा समज असा की भोक लहान म्हणजे ऑपरेशन लहान. साफ चूक. आत तेवढंच कापायचं असतं, तेवढ्याच गाठी काढायच्या असतात. उलट वेळ जास्तच लागतो. मॅडम म्हणायच्या, पेशंट नीट निवडला आणि हात तयार असला, तर आजार काढायच्या बाबतीत दोन्ही सारखेच. फरक पडतो तो माणूस उठून कामाला लागण्यात.

पण भोकांचं दुःख होणारेही भेटले. लोणी काळभोरहून एक आजोबा आले होते. ऑपरेशन उत्तम झालं. आठव्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सिस्टर, एवढं मोठं आपरेशन, आन् दाखवायला काय हाय? चार टिकल्या. भावकी म्हणंल, नुसतं दवा-पाणी करून आनलं." मी म्हटलं, "मग भावकीला इकडे पाठवा, त्यांचं उघडून करू." दुसरा एक खराडीचा, आयटीतला. येताना कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "सिस्टर, मंडेला लॅपटॉप ओपन करता येईल ना मला?" मी म्हटलं, "आधी पोट ओपन करायचं की नाही ते ठरू दे, मग लॅपटॉपचं बघू." त्याने हेही लिहून घेतलं.

झाल्या गमतीजमती. आता थैलीचं सांगते.

उघड्या ऑपरेशनात काढलेलं पोट थेट माझ्या ट्रेमध्ये यायचं. दुर्बिणीत एवढ्याशा भोकातून ते बाहेर येत नाही. म्हणून आतल्या आतच ते एका प्लास्टिकच्या थैलीत घालतात, थैलीचं तोंड आवळतात आणि तिला कोपऱ्यात सरकवून ठेवतात. नंतर बेंबीजवळचं भोक मोठं करून ती ओढून घेतात. आता भोक मोठं केलं की गॅस निघून जातो, पोट बसतं, पुन्हा फुगवायचं तर वेळ जातो. त्यामुळे आमच्याकडे आपोआप असा रिवाज पडला की आतली जोडणी आधी उरकायची आणि थैली सगळ्यात शेवटी काढायची. कुणी ठरवलं नव्हतं. म्हणजे कड बघायची, ती जोडणी होऊन गेल्यावर. सही करून झाल्यावर कागद वाचायचा, तसलाच प्रकार. मला हे पहिल्याच महिन्यात खटकलं होतं. पण मी पडले ओपन पार्टी. म्हटलं, नवीन पद्धत आहे, नवीन क्रम असेल.

तीन वर्षांपूर्वी हनीफ मास्टर आले. कॅम्पात त्यांचं शिवणकामाचं दुकान, कोट आणि शेरवानीचं. वय सत्तावन्न. बरोबर बायको, शमीमभाभी, हातात फाईल. आजार पोटाच्या खालच्या भागात होता. आधी किमो दिली, तिने गाठ चांगली आक्रसली. मग ऑपरेशन ठरलं. मास्टरांनी मॅडमना पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, शिवण हाताची की मशीनची?"

मॅडम म्हणाल्या, "मशीनची. स्टेपलर असतो, कापतो आणि दोन्ही बाजूंना पिना मारतो."

"चालेल. मशीनची वाईट नसते. कापताना कड तेवढी सैल सोडा. कड कमी पडली की कुठलीच शिवण टिकत नाही."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मास्टर, आमच्यातही तसंच आहे."

मला तो माणूस त्याच दिवशी आवडला. भूल द्यायच्या आधी टेबलावर आडवे पडल्या पडल्या त्यांनी माझ्या गाऊनची बाही दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "सिस्टर, ही शिवण कुणी मारली? खांदा उतरलाय." आम्ही सगळे हसलो. ते गुंगीत गेले.

नऊला सुरू केलं. ऑपरेशन इतकं स्वच्छ चाललं होतं की बघत राहावं. जोडणी झाली, गळत नाही ना ते बघून झालं, दोनच्या सुमारास थैली बाहेर आली. मी ती बाजूच्या टेबलावर नेली. मॅडमनी येऊन ते काढलेलं पोट उघडून बघितलं. गाठ दिसत होती, आणि वरच्या कडेपासून छान लांब होती. मॅडम पुन्हा टेबलाकडे गेल्या आणि भोकं शिवायला लागल्या. मी सवयीने कडेवरून बोट फिरवलं.

वरच्या कडेला भिंत जाड लागली.

दिसत काही नव्हतं. आतलं अस्तर गुळगुळीत, गुलाबी. पण पोटाचा आजार कधी कधी अस्तराखालून सरकत जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या सरांच्या हाताखाली मी शेकड्यांनी कडा चाचपल्या होत्या. चांगल्या पोटाची भिंत बोटात मऊ दुमडते. ही दुमडत नव्हती.

मी म्हटलं, "मॅडम, वरची कड जाड लागते."

मॅडमनी मान वर केली. "पिना आहेत त्या, सिस्टर. स्टेपलरची लाईन कडकच लागते." मग थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "की आणखी काही वाटतंय तुम्हाला?"

त्या विचारत होत्या. मनापासून विचारत होत्या. मी म्हटलं, "नाही. पिनाच असतील."

पिना कुठे संपतात हे मला कळत होतं. जाडी पिनांच्या पुढे बोटभर होती. तरी मी असं का म्हणाले? सांगते. त्याच आठवड्यात बाहेरगावचे डॉक्टर थिएटर बघायला आले होते, आणि मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या, "सुनंदा सिस्टर नसत्या तर इथे मला हे सुरूच करता आलं नसतं." मी फुगले होते. आता मीच म्हणायचं, की फ्रोझन पाठवा, अर्धा तास थांबा, कदाचित जोडणी सोडवा, पोट उघडा? सगळे म्हणाले असते, शेवटी बाई आपल्या वळणावर गेलीच. तेवढ्यासाठी मी जीभ आवरली. पाय दुखत होते हेही खरं, पण ते कारण नव्हतं.

मास्टर दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालले. आठव्या दिवशी घरी गेले. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. वरच्या कडेला आजार होता.

मॅडमनी मास्टरांना आणि भाभींना बोलावून सरळ सांगितलं की कडेला आजार राहिलाय, उरलेलं पोटही काढावं लागेल, आणि या वेळी उघडून. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही बोलला होतात. मी ऐकलं नाही." त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की बाई गं, तू विचारलंस, मीच माघार घेतली. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझी चूक आपल्या पदरात घेतली आणि मी घेऊ दिली. याची मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त लाज वाटते.

दीड महिन्याने दुसरं ऑपरेशन झालं. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं, सुटं करण्यातच दोन तास गेले. मॅडमनी हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. उरलेलं पोट निघालं, माझ्या ट्रेमध्ये आलं, उघडलं, कड फ्रोझनला गेली. आम्ही हात बांधून उभे राहिलो. चाळीस मिनिटं. कड स्वच्छ आली. मग मॅडमनी अन्ननलिका आतड्याला जोडायला सुई मागितली.

पुढच्या सोमवारी मॅडमनी थिएटरच्या पांढऱ्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: आधी थैली बाहेर, मग जोडणी. पोट पुन्हा फुगवायला लागला वेळ, तर लागू दे. मी असेपर्यंत तो क्रम कुणी मोडला नाही.

तेव्हा दुर्बीण की उघडून, याचं माझं उत्तर असं की यात दुर्बिणीचा दोष नव्हता. मोठ्या सरांच्या वेळीही चुका झाल्या, त्या सांगायला लागले तर अंक पुरायचा नाही. मी त्या दिवशी बोलले असते, तरी मास्टरांचं पोट कदाचित उघडावंच लागलं असतं. पण त्याच टेबलावर, त्याच भुलीत, एकदाच. दोनदा नाही.

मास्टर आहेत. पोट नसलेला माणूस जगतो का, असं लोक विचारतात. जगतो. दर दोन तासांनी मूठभर खायचं, महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं. वजन इतकं उतरलं की त्यांनी स्वतःचेच कोट उसवून पुन्हा शिवले. अजून दुपारचे दोन-तीन तास दुकानात बसतात.

एवढं लिहून झाल्यावर, संपादकबाईंना द्यायच्या आधी, हे मास्टरांना ऐकवायलाच हवं होतं. परवा दुपारी गेले. आदल्या दिवशी मॅडमना फोन करून सगळं सांगून झालं होतं. त्या म्हणाल्या, "मास्टरांना सांगा. मला काय सांगता." दुकानात मास्टर आणि शमीमभाभी दोघंच होते. मी स्टुलावर बसून वाचायला लागले. तीन वेळा पाणी प्यायले. "पिनाच असतील" इथे आले तेव्हा मास्टरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"थांबा," ते म्हणाले. "ते पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता उठा म्हणतील. ऐकून घ्यायच्या तयारीनेच गेले होते.

मास्टर म्हणाले, "म्हणजे आजार त्या दिवशीच कडेला होता? टेबलावरच?"

"हो."

"नंतर नाही आला? खाण्याने नाही?"

मला कळेना. मी म्हटलं, "खाण्याने कसा येईल, मास्टर?"

ते भाभींकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी, फक्त पातळ द्यायचं असताना, त्यांनी भेटायला आलेल्या भावाकडून एक खारी मागून घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन चहात बुडवून खाल्ली. अर्धीच. भाभींनी पकडलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला, कडेला आजार. मास्टर कारागीर माणूस, त्यांनी आपल्या मनाने हिशेब लावला की ताज्या शिवणीवर ताण दिला, म्हणून कड बिघडली. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. दुसऱ्यांदा पोट फाडावं लागलं ते आपल्या जिभेपायी, असं हा माणूस तीन वर्षं धरून बसला होता. आणि भाभी त्याला तीन वर्षं ऐकवत होत्या. पाहुण्यांसमोर, लेकीच्या सासरी, औषध देताना, जेवायला वाढताना.

"खारी नव्हती, मास्टर," मी म्हटलं. "खारीचा काही संबंध नाही. मी होते."

मला रडू आवरेना. शमीमभाभी उठल्या, काउंटरच्या पलीकडे गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून कापडाचे तागे नीट लावायला लागल्या. ते नीटच लावलेले होते. मास्टरांनी कात्री उचलली, पुन्हा ठेवली. मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

मग म्हणाले, "छापा. पण खारीचंही लिहा. आमच्या गल्लीत सगळ्यांना तेवढंच माहीत आहे."